गंगाबोडीचं नरडं

विमानदलाच्या इतिहासावरचं पहिलं व्याख्यान उमराव काशिवाराने पाच वेळा ऐकलं होतं, आणि इंग्रजीचा त्याला गंध नव्हता. तरी ते त्याला पाठ होतं. व्याख्यान देणाऱ्या टिपणीससाहेबांचा उजवा हात हळूहळू वर गेला की फुगा आकाशात चढला. दोन्ही हात पसरले की दुहेरी पंखांचं जुनं विमान आलं. मूठ टेबलावर आपटली की कुठेतरी दूर देशी बॉम्ब पडला, आणि नेमके त्याच वेळी मागच्या बाकावरचे दोन-तीन कॅडेट दचकून जागे व्हायचे. उमराव दारापाशी खाली बसून हे सगळं बघायचा. नकाशे टांगायचे, फळा पुसायचा, शेवटी लाकडी विमानं झटकून पेटीत ठेवायची, एवढंच त्याचं काम. मधल्या वेळात थांबायची काही गरज नव्हती. पण झोपडीत जाऊन तरी काय करायचं होतं? इथे निदान माणसाचा आवाज कानावर पडायचा.

साल १९४६. आज ज्याला गोंदिया जिल्हा म्हणतात तो मुलूख तेव्हा भंडाऱ्यात मोडत होता. गोंदियापासून चार कोसांवर सरकारने लढाईच्या दिवसांत घाईघाईने ही धावपट्टी बांधली, आणि लढाई संपल्यावर सरकारला प्रश्न पडला की आता हिचं करायचं काय. असे प्रश्न पडले की सरकार शाळा काढतं. तशी इथेही निघाली. विमानदलात अधिकारी होऊ घातलेली तरणीताठी पोरं सहा-सहा आठवड्यांसाठी यायची. पंजाबी, बंगाली, मद्रासी, सगळ्या मुलखांतली. पत्र्याच्या लांब शेडमध्ये बसून हवामान, यंत्रं आणि इतिहास शिकायची, आणि खिडकीतून रिकाम्या धावपट्टीकडे बघून उसासे टाकायची. त्यांना उडायचं होतं. विमान मात्र महिन्यातून दोनदा यायचं, तेही टपाल आणि डबाबंद मटण घेऊन.

धावपट्टीच्या उत्तर टोकाला मातीचा एक उंच ढिगारा शिल्लक होता. त्यावर उमरावची झोपडी. पावसाळ्यात पट्टीच्या दोन्ही बाजूंचे चर मोकळे ठेवायचे, पट्टीवर आलेली गुरं हाकलायची आणि शाळेची झाडलोट करायची, यासाठी त्याला ठेवलं होतं. आसपास वस्ती नव्हती. जी होती ती दोन कोस लांब उठून गेली होती, आणि तिथलं एकही माणूस चार वर्षांत उमरावशी एक शब्द बोललं नव्हतं. त्याची पोटची लेकसुद्धा नाही.

का ते सांगायचं तर गंगाबोडीपासून सांगायला हवं.

धावपट्टीच्या आधी तिथे गंगाबोडी होती. बोडी म्हणजे खरं तर लहानसं तळं, पण बारशाला पडलेलं नाव पुढे कोणी बदललं नाही. गंगाबोडी चांगली शंभर एकरांची होती. उमरावच्या आजोबांनी ती बांधली. तलाव बांधणाऱ्या कोहळी जातीचा तो पिढीजात हात. उतारावर उभं राहून पाणी कुठून येईल, कुठे थांबेल आणि कुठून निसटू बघेल, हे ती माणसं नुसत्या नजरेने सांगायची. गंगाबोडीच्या पाण्यावर बेहडाटोला गावाचं धान पिकायचं आणि पाराखाली ऊस उभा असायचा. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. हा पार जिथे जुन्या नाल्याच्या पात्रावरून जातो, तिथे आधी खोल चर खणतात, त्यात काळी चिकण माती भरतात आणि म्हशी फिरवून आठ-आठ दिवस ती तुडवून घेतात. त्या जागेला काशिवारांच्या घरात तलावाचं नरडं म्हणत. नरडं कापलं की तलाव तळापासून नाल्यात रिकामा होतो, पण वरून पार सगळा सारखाच दिसतो. नरडं कुठे आहे हे बापाने फक्त थोरल्या मुलाला सांगायचं, म्हणजे डागडुजीची वेळ आली तर कुदळ कुठे मारायची आणि कुठे मारायची नाही हे घरात एकाला तरी ठाऊक असावं. उमरावला मुलगा नव्हता. एक मुलगी, शामकला, गावातच दिलेली. मुलीला नरडं सांगावं की नाही या विचारात तो असतानाच १९४२चा उन्हाळा आला, आणि विमानांसाठी जागा शोधत सरकारी माणसं आली.

आधी त्यांनी पलीकडच्या बर्डीवर, म्हणजे मुरमाड उंचवट्यावर, लाल झेंड्या रोवल्या. मग एक दिवस ओव्हरसियर सुरुंगाच्या दोन पेट्या घेऊन गंगाबोडीच्या पारावर येऊन उभा राहिला. गावातले चार गडी त्याने रोजावर घेतले. त्यात उदाराम होता. उमरावचा लहानपणापासूनचा जोडीदार, एका ताटात जेवलेला. तो मोजणीची साखळी धरत होता. पहिल्या दिवशी पाराच्या ऐन मध्यावर सुरुंग उडाला. माती ताडभर उंच गेली, बगळे उडाले, गावातली कुत्री दिवसभर भुंकत राहिली, आणि पार होता तिथेच राहिला. गावाने मनातल्या मनात आजोबांना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियरने तिथेच आणखी खोल खणायला लावलं. उमराव मोहाच्या सावलीत बसून बघत होता. सगळं गाव बघत होतं, पण बाकीच्यांना हाताची घडी घालून बघता येत होतं. उमरावला येईना. मातीचं वाईट काम बघून गप्प बसणं त्याच्या घराण्यात कोणालाच कधी जमलं नाही. सोयऱ्याच्या लग्नात गेला तरी मांडवाखालची चूल तिरपी दिसली की हा अक्षता सोडून चूल सरळ करायला बसायचा. आणि इथे तर आजोबांचा पार हे लोक भोथऱ्या कुऱ्हाडीने फणस फोडावा तसा फोडत होते. त्यातून जिथे खणत होते तिथून पार फुटलाच तर सगळं पाणी सरळ गावावर येणार होतं. दुपारपर्यंत त्याने कळ काढली. दुपार कलली आणि तो उठला.

"साहेब, असा तरा नाई फुटत गा," तो म्हणाला. तलावाला तिकडे तरा म्हणतात, आणि सगळ्याला सप्पा. "आन फुटलाच तं पानी सप्पा गावात शिरन. ऊस जाईन, घरं जाईन. इकडं या."

पारावरून साठ पावलं चालून त्याने एका जागी टाच आपटली. "आंधी दार खोलून अर्धं पानी नाल्यात सोडा. मंग इथं खना. आठ दिवसात खाली होते."

उदारामच्या हातातली साखळी खाली पडली. उमरावला वाटलं, हाताला घाम आला असेल.

आठव्या दिवशी गंगाबोडी रिकामी झाली. एक घर पडलं नाही, उसाचं एक कांडं वाहून गेलं नाही. उमराव पाण्याच्या पुढे-पुढे धावत वाट काढून देत होता, आणि काम इतकं सुबक झालं होतं की त्याला त्याचा अभिमान वाटला. हे त्याने नंतर कधी कोणाला सांगितलं नाही, पण वाटला होता. पाऊस यायच्या आत पाराची माती पसरून पट्टी तयार झाली. मग पट्टीला लागून गाव नको म्हणून सरकारने गावही उठवलं आणि दोन कोसांवर नवाटोला वसवला. पण उमरावशी बोलणं त्याच्या आधीच उठलं होतं. त्याने नरडं दाखवलं त्याच संध्याकाळी आधी बाया भांडल्या, उदाराम दारात येऊन "तरा खाल्ला तुनं" एवढं ओरडून गेला, आणि दुसऱ्या सकाळपासून सगळी तोंडं एकदम मिटली. शिवी नाही, जाब नाही, काही नाही. समोरून येणारा माणूस मान खाली घालून निघून जायचा.

"तरा तं जानारच होता," उमराव ज्याला-त्याला सांगायचा. "सरकारचा हुकूम होता. मी घरं वाचवली, ऊस वाचवला. काऊन बोलत नाई कोनी?" उत्तर मिळायचं नाही. तेव्हा तो हट्टाला पेटला. नवाटोल्यात जागा घ्यायला गेलाच नाही. चर राखायला माणूस हवा होता, पट्टीवरच्या सरकारी साहेबांनी विचारलं, हा 'हो' म्हणाला, आणि पाराचा जो तुकडा उरला होता त्यावर त्याने झोपडी बांधली. त्याची बायको शांतीबाई दोन गाडगी आणि जातं घेऊन मुकाट त्याच्यामागे आली.

शांतीबाई तशी बोलकी बाई. बेहडाटोल्यात तिचं हसणं चार घरं ओलांडून ऐकू जायचं. त्या उजाड ढिगाऱ्यावर तिला बोलायला एक नवरा, आणि नवऱ्याला बोलायला एकच विषय. रोज दिवेलागणीला ती चुलीपाशी तांदूळ निवडत बसायची आणि उमराव तेच सांगायचा. पाणी कसं गावावर येणार होतं, आपण कसं वळवलं, लोकांना कशी किंमत नाही. "तरा तं जानारच होता ना?" तो शेवटी विचारायचा.

"हो," शांतीबाई म्हणायची, आणि खडा बाजूला टाकायची.

एवढ्यावर उमरावला झोप लागायची. सगळी दुनिया एका बाजूला आणि ही एक बाई दुसऱ्या बाजूला असली तरी चालतं, असं त्याला वाटायचं. १९४४च्या भादव्यात शांतीबाई तापाने गेली. अख्खा नवाटोला आला. खांदा दिला, लाकडं रचली, सगळं रीतीने केलं, फक्त उमरावशी कोणी बोललं नाही. उदाराम लहान पोरासारखा रडला. शामकला आईच्या पायांवर डोकं ठेवून उठली, बापासमोर आली, तिने तोंड उघडलं, मग पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि वळून चालू लागली. लेकीचा एवढा राग कसा असू शकतो, हे कोडं उमरावला त्यानंतर दोन वर्षं सुटलं नाही.

तेव्हापासून तो खरोखरच एकटा पडला. 'तरा तं जानारच होता' हे आता तो कोणाला सांगणार? चराला सांगायचा, फावड्याला सांगायचा. हिवाळ्यात बदकांचे थवे अजून यायचे. गंगाबोडीच्या हिशेबाने खाली उतरायचे, पट्टीवर दोन घिरट्या घालायचे आणि पाणी नाही बघून निघून जायचे. दर वर्षी थवे थोडे लहान होत गेले. त्याला त्या बदकांचीसुद्धा लाज वाटायची.

टिपणीससाहेबही तसे एकटेच. पुण्याचा माणूस, तिशी उलटलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. वायुसत्तेचा इतिहास हा विषय या शाळेत त्यांनीच भांडून सुरू करवला होता आणि त्याची ओळख करून देणारं पहिलं व्याख्यान हा त्यांचा जीव की प्राण. पण दर तुकडीत तेच व्हायचं. फुग्यापर्यंत पोरं जागी, दुहेरी पंखांवर जांभया, आणि मूठ आपटेपर्यंत निम्मा वर्ग झोपलेला. पाचव्या तुकडीनंतर ते एकटेच बाकावर बसून राहिले. उमराव फुग्याचं चित्र गुंडाळत होता.

"उमराव," ते म्हणाले, "ही पट्टी व्हायच्या आधी इथे काय होतं हो? मी आपला दर वेळी पोरांना सांगतो, इथे काही नव्हतं, ओसाड माळ होता."

उमरावच्या हातून चित्र सुटलं. पाच वेळा हा माणूस त्याच्यासमोर उभा राहून गंगाबोडी नव्हती असं सांगत होता, आणि पाचही वेळा त्याने फळा पुसून दिला होता.

"तरा होता, साहेब," तो म्हणाला, आणि मग दोन वर्षं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. आजोबा, नरडं, सुरुंग, आठ दिवस. टिपणीससाहेब ऐकता ऐकता उभे राहिले, येरझारा घालू लागले.

"अहो, मी आणखी वेगळं काय सांगतोय!" ते म्हणाले. "प्रत्येक विमान आधी जमिनीवर उभं असतं. आकाशाचा इतिहास जमिनीपासून सुरू होतो. पोरांना फ्रान्समधला फुगा कशाला हवा? त्यांच्या बुडाखाली तलाव आहे! मी नागपूरहून या पट्टीचे कागद मागवतो. पुढच्या तुकडीला पहिलं व्याख्यान यावरच. आणि तुम्ही पुढे उभे राहायचं, दारात नाही."

"कागदात माहं नाव असन का?"

"नाव नसलं तरी काम असेलच. सरकार काही विसरत नाही."

त्या दिवसापासून उमरावचा जीव टांगणीला लागला. सरकारी कागदावर शिक्क्यानिशी लिहिलेलं असेल की या माणसाने गाव वाचवलं. साहेबांकडून त्याची नक्कल घ्यायची, नवाटोल्याच्या चावडीसमोर कोणाकडून तरी वाचून घ्यायची. मग उदाराम काय बोलेल? मग शामकला कशी गप्प राहील? तिच्या तोंडून एकदा 'बा' ऐकायला मिळालं की पुढे मरण आलं तरी चालेल, असं तो खरोखर स्वतःशी म्हणाला. म्हाताऱ्या माणसाने असं म्हणू नये, पण म्हणाला.

डिसेंबरात सहावी तुकडी आली आणि तिच्याआधी दोन दिवस निळ्या फायलीत बांधलेले कागद आले. व्याख्यानाच्या सकाळी उमरावने नहरावर, म्हणजे कालव्यावर, जाऊन आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, लग्नातला फेटा बांधला. फेट्याला कसर लागली होती, ती बाजू त्याने आत दडवली. फुगा टांगायचा नव्हता. त्याऐवजी फळ्यावर साहेबांनी स्वतः खडूने गंगाबोडी काढली होती. पार जरा तिरका आला होता. उमरावने फडक्याने तेवढा पुसून स्वतः सरळ काढून दिला.

साहेबांनी बोलायला सुरुवात केली आणि पोरं झोपली नाहीत. चोवीस जोडी डोळे फळ्यावरून उमरावकडे आणि उमरावकडून फळ्याकडे जात होते. साहेबांनी निळी फाईल उघडली, एक कागद काढून इंग्रजीत वाचला, मग पोरांना हाताने थांबवून उमरावकडे वळले.

"हे तुम्हालाही कळायला हवं," ते मराठीत म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "हा पट्टी बांधणाऱ्या इंजिनियरचा अहवाल. तो लिहितो, पहिली पसंती बर्डीची जागा. तलावाची जागा जास्त सपाट, पण एवढा मोठा तलाव पावसाळ्याआधी उपसता येणं शक्य दिसत नाही. ओव्हरसियरने फक्त दोन दिवस प्रयत्न करून पाहावा, न जमल्यास तलाव सोडून द्यावा आणि बर्डीवर काम सुरू करावं. आणि आता पुढे ऐका, ही तुमची ओळ. 'दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, माघारीची तयारी चालू असताना, एका स्थानिक माणसाने स्वतःहून पुढे येऊन बांधाची कमजोर जागा दाखवली. त्या एका माणसामुळे तलावाची जागा निश्चित करता आली.' त्या एका माणसामुळे, उमराव!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाकं बडवली. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज घुमत राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्यासाठी वाजलेल्या टाळ्या ऐकत उमराव फळ्यापाशी उभा होता.

बर्डीवरच्या लाल झेंड्या त्याला आता दिसत होत्या. तो समजला होता त्या तंबूंसाठी आहेत. एक दुपार. मोहाच्या सावलीत आणखी एक दुपार बसून राहिला असता, तर ओव्हरसियर पेट्या उचलून निघून गेला असता. गाव उठलं नसतं. गंगाबोडीत आज बदकं उतरली असती.

"साहेब," तो म्हणाला, "माले ह्या कागदाची नक्कल भेटन का?"

"अहो, कालच टाइप करून ठेवली आहे तुमच्यासाठी," टिपणीससाहेब म्हणाले. ते भले गृहस्थ. त्यांना काय कळणार!

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उमराव नक्कल घडी करून बंडीच्या खिशात घालून नवाटोल्याला निघाला. वाटेत नव्या गावाची नवी बोडी लागली. लोकांनी आपल्या हाताने, जमेल तशी बांधलेली. पार एका ठिकाणी खचला होता, तिथे काट्याकुट्या भरून वर माती लोटलेली. दुरूनच त्याला दिसलं की पार चार हात अलीकडे घ्यायला हवा होता आणि खाली चर खणलेलाच नाही. दोन माणसं तिथे टोपल्या टाकत होती. त्यातला एक उदाराम. उमराव क्षणभर थांबला, आणि जन्मात पहिल्यांदाच मातीचं वाईट काम बघून काही न बोलता पुढे गेला.

शामकला अंगणात धान उफणत होती. बापाला बघून तिचं सूप हवेतच थांबलं. उमराव अंगणाच्या कडेला उकिडवा बसला. कागद त्याने काढलाच नाही.

"बोलू नोको," तो म्हणाला. "मी बोलाले आलो नाई, सांगाले आलो. तरा जानार नोता. ते लोक दुसऱ्या दिवशी निंगून जात होते. मी नरडं दाखवलं म्हनून गेला. माह्यामुळं गेला. काल मालूम पडलं माले. तुमी लोक खरे होते, बाई."

शामकलेने सूप खाली ठेवलं. तिच्या केसांत भुसा उडत होता. मग तिच्या तोंडून जो शब्द निघाला त्यासाठी उमराव चार वर्षं जगला होता.

"बा," ती म्हणाली. "आमाले मालूम होतं."

उमरावने मान वर केली.

"उदाराम काका साखळी धरून होते ना तिथं. ओव्हरसियर कुलीले म्हनत होता, चलो, सामान बांधो. थे आयकलं त्याहीनं. त्याच सांजेले सप्पा गावाले सांगितलं."

"मंग माले काऊन नाई सांगितलं कोनी?" उमरावचा आवाज चढला. "चार साल! एका मानसानं तोंडावर सांगितलं असतं, तं मी..."

"तं तू इहिरीत उडी टाकली असती," शामकला म्हणाली. "माय म्हने. त्याच सांजेले थे घरोघर फिरली. सप्पा घरायच्या पाया पडली. म्हने, त्याले बोलू नोका, पानी देऊ नोका, मारा पायजे तं, पन हे सांगू नोका. त्याच्या आज्याचा तरा होये, त्याले सोसनार नाई. लोकायनं कबूल केलं. पन तुह्याशी बोललं का तू तेच काढशीन, आन कोनाच्या तोंडातून निंगून जाईन. म्हनून बोलनंच सोडलं सप्पायनं. मायच्या मातीच्या दिशी माह्या तोंडावर आलं होतं, बा. पदर कोंबला मी."

धान उफणलेल्या जागी दोन चिमण्या उतरल्या होत्या. उमराव त्यांच्याकडे बघत बसला. वाळीत टाकलं, वाळीत टाकलं म्हणून ज्या गावाला तो चार वर्षं मनात शिव्या घालत होता, ते सगळं गाव त्याच्यासाठी ओठ शिवून बसलं होतं. आणि ढिगाऱ्यावरच्या झोपडीत, ज्या एका बाईला तो आपल्या बाजूची समजत होता, ती सगळं ठाऊक असून रोज दिवेलागणीला त्याच्यासमोर बसून तांदूळ निवडत होती. तिला हसायला कोणी नव्हतं, रडायलाही कोणी नव्हतं. खरा एकटेपणा तिने काढला होता. याला त्याची सावलीसुद्धा दिसली नव्हती.

शामकलेने घरातून तांब्याभर पाणी आणलं. त्याने घटाघटा पिऊन टाकलं. मग ती त्याच्याजवळ खाली बसली.

"दोन साल थे तुह्यासंग तिथं एकटी होती," ती हळूच म्हणाली. "भांडनात नाई, तापात नाई, एक डावही तिच्या तोंडून निंगलं नाई?"

"नाई," उमराव म्हणाला. "मी रोज इचारो, तरा तं जानारच होता ना. थे हो म्हने."

शामकलेने तांब्या उचलला आणि पुन्हा भरून त्याच्यासमोर ठेवला.